पोरीला मॅथ्स कशाला?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



मला व्याख्याता म्हणून उभे केले याचे सर्वात जास्त आश्चर्य आमच्या घरी वाटले. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. इंजिन का अडले हे शोधणे एवढेच मला येते. आजही तेच करणार आहे, फक्त इंजिन आपल्या घरातले आहे.

आपल्या वैशाली नगरात दहावीचा निकाल लागला की पेढे खाता खाता लोक मुलाला विचारतात, "मॅथ्स घेतलं ना?" आणि मुलीला म्हणतात, "बायो घेणार असशील!" मुलाच्या वेळी प्रश्न असतो, मुलीच्या वेळी उत्तर आधीच दिलेले असते. पुढे पाच-सहा वर्षांनी तेच लोक विचारतात, "स्थळं बघायला लागलात का?" हे दोन वेगळे विषय आहेत असे मला पूर्वी वाटायचे. आता वाटत नाही.

माझी मुलगी यंदा दहावी झाली. तिला पॉलिटेक्निकला मेकॅनिकल हवे होते. नागपूरहून आमच्या आत्याबाईंचा फोन आला. "काहून रे बाबू, पोरीला मॅथ्स कशाला? आणि मेकॅनिकल? हात काळे करणाऱ्या पोरीला स्थळ कोण आणेल? बी.एस्सी., बी.एड. कर म्हणा, शाळेत लागेल." आत्याबाई प्रेमळ आहेत. त्यांनी मुलीला "तुला गणित जमेल का" असे विचारलेच नाही, गणित तिला जमते हे त्यांना ठाऊक आहे. त्यांची काळजी लग्नाची होती. म्हणजे विषय अकरावीचा, पण तो ठरतो न पाहिलेल्या जावयाकडे बघून!

गंमत अशी की बी.एस्सी., बी.एड. करून गणिताची शिक्षिका व्हायचे, हाच बेत सातारच्या एका मुलीचाही होता. तिने कराडच्या शासकीय पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेची जाहिरात पाहून अर्ज टाकला, आणि १९८९ साली ती असिस्टंट ड्रायव्हर झाली. त्या सुरेखा यादव, आशियातील पहिल्या महिला ट्रेनचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. १९९६ साली मालगाडी, २००० साली मुंबईची लेडीज स्पेशल लोकल, ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून मुंबईपर्यंत घाटातून डेक्कन क्वीन, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत, असा त्यांचा प्रवास. ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्या निवृत्त झाल्या. आम्हा डिप्लोमावाल्यांना त्यांचा जरा जास्तच अभिमान आहे हे कबूल. आणि आत्याबाईंच्या माहितीसाठी सांगतो, नोकरी लागल्यानंतर १९९० साली त्यांचे लग्नही झाले. यजमान पोलिस खात्यात.

तुम्ही म्हणाल, एखादी सुरेखाताई असते. बरोबर. पण ज्यांना दारातूनच परत पाठवले त्यांचे काय? १९३३ साली कमला भागवत, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या येऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर परीक्षेवर ठेवू, या अटीवर घेतले. एवढ्या मोठ्या माणसालाही समोरच्या गुणपत्रिकेपेक्षा चालीरीत जास्त खरी वाटली! पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या आल्या. त्याच कमला सोहोनी.

आता यातला बारकावा पाहा. बाहेरून अडवणे दिसते. पण "तुझ्याकडून हे अपेक्षित नाही" असे वातावरण असले की माणूस आतूनही अडतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशच्या खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. २००४ साली तो वर्ल्ड बँकेने छापला. मुलांना कागदावर भूलभुलैया सोडवायला दिले, सुटेल त्याला पैसे. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. मग सगळ्यांसमोर नाव-गावासह जात वाचून दाखवली, आणि दलित मुलांचे सुटलेले कोडे कमी झाले. मुले तीच, अक्कल तीच. पेन्सिल हातात असताना कोण आपल्याकडे कसे बघतो, एवढ्याने फरक पडला. अमेरिकेत १९९९ साली मुलींच्या गणिताबाबत असाच प्रयोग छापून आला होता. "या परीक्षेत मुले-मुली सारखेच असतात" असे आधी सांगितले तर मुलींचे गुण सुधारले. नंतर हा प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळाले नाही, हेही सांगायला हवे. एकाच ट्रायलवर इंजिन पास करायचे नसते.

आता प्रेमाकडे वळतो. (मागच्या रांगेतली मुले जागी झाली!) मुलगी चोखंदळ असते आणि मुलगा कुणालाही हो म्हणतो, हा निसर्गाचाच नियम असे आपण मानतो. अमेरिकेत एका हॉलमध्ये मुले-मुली चार-चार मिनिटे बोलून ओळखी करून घेतात, आपल्या कांदेपोह्यांचीच घाऊक आवृत्ती. तिथे पद्धत अशी की मुली बसून राहतात आणि मुले टेबलाटेबलाने फिरतात. फिंकेल आणि ईस्टविक या संशोधकांनी निम्म्या वेळा मुलांना बसवले आणि मुलींना फिरवले. २००९ साली निष्कर्ष छापले. मुले फिरत होती तेव्हा मुली जास्त चोखंदळ होत्या. मुली फिरू लागल्या तेव्हा तो फरक नाहीसा झाला! जो उठून जातो त्याला समोरचा माणूस जास्त आवडतो आणि बसलेला तोलून-मापून बघतो, असा त्याचा अर्थ.

पण मला लगेच शंका आली. आपल्याकडे चालत जातो मुलगा, बसलेली असते मुलगी, तरी निवड करतो मुलगाच. मग हा नियम चुकला? मला वाटते, नाही. तो मुलीकडे येत नाही, तपासणीला येतो. आमच्या शेडमध्ये साहेब इन्स्पेक्शनला येतात तेव्हा चालून तेच येतात, घाम मात्र आम्हाला फुटतो. पोह्यांची बशी कोण आणणार, प्रश्न कोण विचारणार, निरोप कोण कळवणार, हे आधीच ठरलेले असते, आणि मग त्याप्रमाणे मुलगी लाजते. ती लाजाळू आहे म्हणून लाजते असे आपण समजतो.

मुलांची सुटका आहे असे मात्र समजू नका. मुलाने पुढाकार घ्यायचा, नकार आला तरी मागे लागायचे, असे त्याला सिनेमा शिकवतो. साधा, संकोची मुलगा मित्रांत चेष्टेचा विषय होतो. आणि ज्याला मराठी साहित्य किंवा चित्रकला घ्यायची आहे, त्याच्या आईला विचारा घरी काय चालते ते.

त्यात आणखी एक पट्टी आहे. नवरा वयाने मोठा, उंच, जास्त पगाराचा आणि जास्त शिकलेला हवा. माझ्या वेळी एका एम.एस्सी. मुलीचे स्थळ याच पट्टीवर गेले. मुलीची हरकत नव्हती, तिच्या काकांना डिप्लोमा टोचला. पुढे मला एम.कॉम. बायको मिळाली आणि गेली कित्येक वर्षे घरचा हिशोब तीच बघते, आभाळ कोसळलेले नाही. पण या पट्टीमुळे किती आईबापांनी मुलीला "एवढे पुरे, जास्त शिकलीस तर तेवढा मुलगा कुठून आणू?" म्हणून थांबवले असेल! आणि तीच पट्टी आज मुलांवर उलटली आहे. शेती किंवा किरकोळ धंदा करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण नवरदेवाच्या वेषात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा घेऊन गेले होते. मुलींची संख्या घटली हे त्यांचे गाऱ्हाणे खरेच आहे. गर्भातच कुणाला नकोसे ठरवले, तोही समाजाच्या अपेक्षेचाच हिशोब.

बदलता येते का? येते. आयआयटींमध्ये २०१७ पर्यंत मुली शेकडा आठच्या आसपास होत्या. २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा दिल्या आणि दोन-तीन वर्षांत प्रमाण वीसवर गेले. मुलींचा मेंदू दोन वर्षांत बदलला असे तर कुणी म्हणणार नाही. आपल्या भिलाईतही आता आयआयटी आहे, कोचिंग तर गल्लोगल्ली. आता किमान "मुलीला दूर कसे पाठवू" ही सबब तरी उरलेली नाही.

माझ्या मुलीचा प्रवेश झाला. दुर्गला जाते. वर्गात मुली चारच. पहिल्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये फाइल मारून हाताला फोड आले, ते तिने आजीला कौतुकाने दाखवले. तिला पुढे स्थळ येईल की ती स्वतःच कुणाला तरी घरी घेऊन येईल, मला माहीत नाही. आत्याबाईंना मी अजून फोन केलेला नाही, ते काम तिच्या आईवर सोपवले आहे.

जाता जाता कार्यकारिणीला एक विनंती. यंदाच्या स्पर्धांचा कागद मी पाहिला. मुलींसाठी रांगोळी आणि पाककला, मुलांसाठी बुद्धिबळ आणि प्रश्नमंजूषा. पुढच्या वर्षी कागदावरून 'मुलींसाठी' आणि 'मुलांसाठी' हे दोन शब्द काढून पाहावेत. रांगोळीला एकही मुलगा आला नाही तर पहिले नाव माझे लिहा, बक्षीस मिळण्याची शक्यता शून्य आहे.

सचिवसाहेब घड्याळ दाखवत आहेत आणि प्रसादाचा वास इथपर्यंत आला आहे.  गणपती बाप्पा मोरया!