ओरिन डोंगरावर जाते



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. चित्रपटांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एका जपानी चित्रपटाने आमची झोप उडवली, म्हणून आयोजकांनी दिलेला विषय त्यावरच घेत आहोत.

चित्रपटाचे नाव 'नारायामाचे गाणे'. शिचिरो फुकाझावा यांच्या १९५६ सालच्या कथेवर तो आधारलेला आहे. १९५८ साली किनोशिता यांनी आणि १९८३ साली शोहेई इमामुरा यांनी तो काढला. इमामुरांच्या चित्रपटाला त्याच वर्षी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. आम्ही बोलतो आहोत तो हाच.

डोंगरातले एक दरिद्री खेडे. धान्य पुरत नाही. गावाचा नियम असा, की सत्तरी गाठली की मुलाने आईबापाला पाठीवर घेऊन नारायामा डोंगरावर सोडून यायचे. वाटेत बोलायचे नाही, परतताना मागे पाहायचे नाही. असा रिवाज जपानात खरोखर होता, याचा ठोस पुरावा नाही. लोककथा मात्र जुनी आहे. नागानो भागात ओबासुते नावाचे रेल्वे स्टेशन आहे, म्हणजे 'म्हातारीला टाकून देणे'. किनोशितांचा चित्रपट त्याच स्टेशनावर संपतो.

ओरिन एकोणसत्तर वर्षांची. धडधाकट, कामसू आणि तोंडात सगळे दात शाबूत. गाव त्या दातांची टिंगल करते: एवढे दात म्हणजे खाणारे तोंड! म्हणून ती स्वतःच दगडावर आपटून दात पाडते. ही भूमिका करणाऱ्या सुमिको साकामोतो तेव्हा पंचेचाळिशीतल्या, म्हणजे आमच्याच वयाच्या. त्यांनी भूमिकेसाठी समोरच्या दातांवर कामही करून घेतले होते.

चित्रपट संपल्यावर आमच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय त्याग आहे हो माऊलीचा!" आम्हीही मान डोलावली. घरी येताना मात्र ती मान डोलावल्याची लाज वाटू लागली.

कारण ओरिन काही साध्वी नाही. गावातले एक कुटुंब बटाटे, धान्य चोरते. त्या घरची गरोदर मुलगी ओरिनच्या नातवाची बायको झालेली असते. त्या कुटुंबाचे काय होणार हे ठाऊक असूनही ओरिन तिला खाऊ देऊन त्या रात्री माहेरी पाठवते. गाव सर्वांना जिवंत पुरते, तीही त्यात जाते. भुकेचा जो हिशेब ओरिन दुसऱ्यावर चालवते, तोच मग स्वतःवर चालवते. याला त्याग म्हणावे का?

शेजारचा माता हा म्हातारा मात्र जायला तयार नाही. त्याला जगायचे आहे. तो रडतो, पळतो. शेवटी मुलगा त्याला बांधून नेतो आणि कड्यावरून ढकलतो. प्रेक्षक ओरिनला हात जोडतात, मातावर हसतात. आम्हाला वाटते, त्या गावात खरे बोलणारा तो एकटाच होता.

आपल्याकडे तक्कल जातकात एक माणूस बायकोचे ऐकून म्हाताऱ्या बापाला पुरण्यासाठी स्मशानात नेतो. सोबत सात वर्षांचा मुलगा. बाप खड्डा खणू लागतो, तर पोरगाही शेजारी दुसरा खड्डा खणू लागतो: बाबा, हा तुमच्यासाठी. बापाचे डोळे उघडतात. नारायामाच्या गावात असा पोरगा नाही. ओरिनचा मुलगा तात्सुहेई मनाने मऊ. आईला सोडून परतताना बर्फ पडू लागतो, तसा तो नियम मोडून मागे धावतो. सांगतो काय, तर "आई, बर्फ पडतंय!" बर्फात मरण लवकर येते, म्हणून ते भाग्याचे. ती हातानेच खुणावते, जा. घरी येऊन पाहतो तो आईची वस्त्रे घरातल्या बायकांच्या अंगावर.

दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरवर पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. एक आजोबा दरवर्षी म्हणतात, "अजून आहे, साहेब." अपराध्यासारखे म्हणतात. आम्ही हसून शिक्का मारतो.

आणि आमच्या घरचे सांगायचे तर, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचा विषय निघाला की ती म्हणते, "आता काय बघायचं राहिलंय? आधी पोराची फी भर." दोन वर्षे आम्ही ते तिची इच्छा म्हणून मान्य केले. चारचौघांत सांगितलेही, की आई फार समजूतदार आहे. या चित्रपटानंतर प्रथमच मनात आले, की तिच्या तोंडी हे शब्द घातले कोणी? परवा तिला पुन्हा विचारले. उत्तर तेच आले. या वेळी आम्ही ते ऐकले नाही. येत्या मंगळवारची तारीख घेतली आहे. तेव्हापासून ती रोज दोनदा विचारते, "मंगळवार कधी रे?"