कालची गोष्ट इंग्रजीत



'मी काल तुळजापूरला गेलो' हे आपल्याकडचे पोर इंग्रजीत बरोबर सांगते : आय वेन्ट टु तुळजापूर येस्टरडे. पण 'गेलो नाही' म्हणायची वेळ आली, की 'आय डिड नॉट वेन्ट' ऐकू येते. वर्ग हसतो, आणि ते पोर पुन्हा इंग्रजीत तोंड उघडत नाही. ही उणीव बुद्धीची नव्हे. तिचे मूळ आपल्या मराठीत आहे.

मराठीचा भूतकाळ मोठा चोखंदळ. पुरुष म्हणतो 'मी गेलो', बाई म्हणते 'मी गेले'. बैल घेतला, गाय घेतली, वासरू घेतले, शेळ्या घेतल्या. इंग्रजीत हा व्याप नाही. जाणारा कोणीही असो, 'वेन्ट'. जनावर कोणतेही घ्या, 'बॉट'. 'वॉज' आणि 'वेअर' ही जोडी तेवढी कर्ता पाहून बदलते. मराठीची कसरत लहानपणीच साधलेल्या मुलाला हे जड का जावे?

पुष्कळ क्रियापदांना शेवटी 'ई-डी' लागते. त्याचे उच्चार तीन : वॉक्ट, प्लेड, वॉन्टिड. शेवटी 'ट' किंवा 'ड' चा उच्चार असेल तरच 'इड' म्हणावे. 'वॉकेड' म्हणू नये. गो-वेन्ट, बाय-बॉट अशी रूपे मात्र पाढ्यांसारखी पाठच हवीत.

आता मुख्य मुद्दा. 'तो गेला', 'तो गेला का?', 'तो गेला नाही' : तिन्हींत 'गेला' कायम. हीच सवय मूल इंग्रजीत नेते. तिथे प्रश्न किंवा नकार आला, की भूतकाळाचे ओझे 'डिड' उचलते, आणि क्रियापद मूळ रूपावर येते. डिड ही गो? ही डिड नॉट गो. भूतकाळ एकदाच दाखवायचा. 'वॉज' आणि 'वेअर' यांना मात्र 'डिड' लागत नाही.

आणखी एक खूण. केव्हा घडले ते सांगितले, की साधा भूतकाळच वापरावा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. इंग्रजीत सांगताना 'द निझाम्स रूल एन्डिड इन १९४८' म्हणावे. सास्तूर-किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. तिथे 'स्ट्रक' म्हणावे, 'हॅज स्ट्रक' नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींनो, सन २००० पासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हा व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी रोज पाच मिनिटे मुलांना कालची गोष्ट बोलू द्या. एकाने विचारावे, 'डिड यू मिल्क द काउ?' दुसऱ्याने सांगावे, 'नो, आय डिड नॉट. माय सिस्टर मिल्क्ट इट.' कोणी चुकले, तर न रागावता बरोबर वाक्य आपण म्हणावे आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. महिनाभर करून पाहा.