जुना खेळाडू, नवा कोच



2022 च्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्को सेमीफायनलला गेला तेव्हा तुमच्यातल्या अनेकांनी रात्री जागवल्या असतील. हकीमी, झियेश, बोनो ही नावं पाठ आहेत. पण तो संघ वर्ल्ड कपला पात्र ठरला तेव्हा कोच कोण होता? वाहिद हालिलहोजिच, बोस्नियाचा. आयव्हरी कोस्ट, अल्जीरिया, जपान, मोरोक्को अशा चार देशांना त्यानं पात्र ठरवलं, आणि तिघांनी स्पर्धेच्या काही महिने आधी त्याला काढून टाकलं. फक्त अल्जीरियानं ठेवलं. 2014 मध्ये तो संघ पहिल्यांदाच बाद फेरीत गेला आणि जर्मनीला एक्स्ट्रा टाइमपर्यंत झुंजवलं.

कोच सहसा असाच विसरला जातो. फार तर उशिरा सिनेमा येतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम शाळेत शिकवायचे. त्यांच्या हाताखाली भारतानं 1951 आणि 1962 ला एशियाडचं सुवर्ण जिंकलं. 1963 ला ते गेले, ‘मैदान’ आला 2024 ला. तेव्हा आपल्या पोरांनी ‘आपला माणूस’ म्हणून स्टेटस ठेवले. ठेवा की! पण त्यांच्या संघात चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, थंगराज होते. रहीमसाहेब त्यांचेही होतेच.

आपल्या नागपूरचे विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. 2001 च्या पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. सरांनी बॉल दिला. खेळता येतं का, असं विचारलं नाही. पुढे झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा भरल्या, ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. निवृत्त झाल्यावरही सर यातच राहिले. 2022 ला ‘झुंड’ आला आणि बच्चनमुळे सर देशभर माहीत झाले. त्यातली बरीच पोरं नागपूरचीच, हे मात्र लोक विसरतात.

मला सिनेमापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. तिथली जुनी पोरं आज नव्या पोरांना शिकवतात. अखिलेश पॉल 2010 ला रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कॅप्टन होता. नंतर तो कोच झाला.

आपल्याकडे काय होतं? मोमिनपुऱ्यात, कामठीत फुटबॉल बापाकडून पोराकडे येतो. पण पंचविशी उलटली की नोकरी, दुकान, निकाह, आणि बूट माळ्यावर. त्या माणसाला जे कळत होतं तेही माळ्यावर. सॉफ्टवेअरमध्ये असंच होतं: जुना माणूस जातो, त्याचा कोड कुणालाच उमगत नाही.

मुलींचं तर विचारूच नका. अम्मी-अब्बा नाही म्हणतात, तेव्हा दर वेळी अडचण खेळाचीच असते असं नाही. शिकवणार कोण, हे त्यांना आधी कळायला हवं असतं. मोहल्ल्यातलीच एखादी बाजी शिकवत असेल तर बोलणं पुढे सरकतं. पण ती बाजी आधी तयार व्हायला हवी.

ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचा डी-लायसन्स कोर्स काही दिवसांचाच असतो. ज्यांचे बूट माळ्यावर आहेत त्यांनी, आणि मुलींनी तर नक्कीच, चहाच्या वेळी मला भेटा. फॉर्म कसा भरायचा ते बसून बघू.