गाडीचा वाटाड्या अबोल झाला तर

श्रोतेहो, रात्रीची वेळ आहे, गाडीत आजारी माणूस आहे, पुढे रस्त्याला दोन फाटे फुटले आहेत, आणि नकाशावरचा बाण जागच्या जागी खिळला आहे. अशा वेळी आपण म्हणतो, "नेटवर्क गेलं!" पण कोणतं? नकाशा कोरा पडला आणि बाण चालतो आहे, तर बहुधा इंटरनेट गेले. नकाशा आहे पण बाण हलत नाही, तर उपग्रहांचा संदेश तुटला असावा. ही दोन दुखणी निराळी.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून इथे येईतो त्यांचा संदेश फार क्षीण होतो. शिवाय ठावठिकाणा काढायला यंत्राला निदान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. म्हणून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भाताण बोगद्यात बाण अडखळला, तर तो यंत्राचा दोष नव्हे.

तेव्हा वैद्यासारखे क्रमाने चला. प्रथम गाडी झाडे-इमारतींपासून दूर, मोकळ्या आभाळाखाली उभी करा. यंत्र फार दिवस बंद असेल, तर पंधरा मिनिटे धीर धरा. उपग्रहांचे सगळे पंचांग उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात.

मग एकच मोबाईल गाडीच्या आत आणि बाहेर धरून बघा. बाहेर ठिकाणा लागतो, आत लागत नाही, तर काचेवरची धातूमिश्रित फिल्म किंवा एखादे उपकरण आड येते. चार्जर, कॅमेरा एकेक करून काढा. हलक्या मालाची विद्युत् गुणगुण त्या क्षीण संदेशाला बुडवून टाकते. एक काढताच बाण चालू लागला, की चोर सापडला म्हणून समजा!

मोबाईल आतही ठीक चालतो, पण गाडीच्या यंत्राला एकही उपग्रह दिसत नाही? मग अँटेना आणि तिची वायर तपासा. सैल जोड, गंज, उंदराने कुरतडलेली वायर, दुखणे बहुधा इथेच असते. नवे यंत्र घेण्याची घाई नको.

शिक्षकबंधूंनो, हाच प्रयोग मुलांकडून वर्गात आणि मैदानात करून घ्या. कारण एकेक शक्यता वगळत जाणे, हेच निदान.

आणि निदान होईपर्यंत? खिळलेल्या बाणाच्या भरवशावर फाट्याला वळू नका. गाडी बाजूला घ्या, पाटी वाचा, कोणी भेटला तर विचारा. रस्ता विचारण्यात कमीपणा नाही.