लाटांवरील सांघिक स्पर्धा आणि आपली किनाऱ्यावरची घरे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यवाहांनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘समुद्रावरील आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा’ असे उत्तर दिले. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि मुकाट्याने वहीत लिहून घेतले. गतवर्षी याच व्यासपीठावरून आम्ही कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीविषयी बोललो होतो. अशा मनुष्यास एकाएकी लाटा आठवाव्यात याची त्यांना चिंता वाटली असल्यास नवल नाही. आमचे वय आता घोट्याएवढ्या पाण्यात उतरतानाही शेजाऱ्याचा हात धरण्याचे आहे. तरीही या विषयाशी आपल्या मंडळाचा एक अनिर्णित प्रश्न निगडित असल्यामुळे आम्ही आपला थोडा वेळ घेणार आहोत.

प्रथम खेळाचे स्वरूप सांगितले पाहिजे. फुटणाऱ्या लाटेच्या उतारावरून फळीवर उभे राहून घसरत येणे याला सर्फिंग म्हणतात. याचीच दोन भावंडे आहेत. एकात खेळाडू मोठ्या फळीवर उभा राहून लांब दांड्याच्या वल्ह्याने ती हाकतो. दुसऱ्यात फळीवर पालथे निजून किंवा गुडघ्यांवर बसून नुसत्या हातांनी पाणी मागे सारावयाचे असते. हा दुसरा प्रकार दिसावयास साधा, परंतु खांद्यांची आणि दमाची खरी परीक्षा पाहणारा आहे. दीर्घ पल्ल्याची शर्यत सुमारे 18 ते 20 किलोमीटरांची असते. तेवढे अंतर खुल्या समुद्रातून हातांनी कापणे म्हणजे काय, हे ज्याने खाडी पोहून ओलांडली आहे त्यालाच उमगेल.

सर्फिंगची पहिली जागतिक स्पर्धा 1964 साली ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या मॅन्ली किनाऱ्यावर झाली. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचा जन्मही त्याच वर्षीचा. वल्ह्याच्या व हाताच्या फळ्यांसाठी या संघटनेने स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू केली ती 2012 साली, पेरू देशात. ती पहिली स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या संघाने जिंकली. त्यानंतर निकाराग्वा, मेक्सिको, फिजी, डेन्मार्क, चीन, एल साल्वादोर अशा दूरदूरच्या देशांत ती भरली. डेन्मार्कच्या थंड पाण्यात हा खेळ रंगतो हे ऐकून आम्हांलाही प्रथम खरे वाटले नव्हते.

लाटेवरच्या कौशल्याला पंच 10 पैकी गुण देतात. पाच पंच असले तर सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी धरतात, आणि प्रत्येकाच्या उत्तम दोन लाटांची बेरीज होते. लाट जेथे प्रथम फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याचा त्या लाटेवर हक्क. दुसऱ्याने मध्ये घुसल्यास त्याला दंड. पहिल्या फेरीत हरलेल्याला लगेच घरी पाठवीत नाहीत, त्याला दुसऱ्या रांगेतून वर येण्याची संधी मिळते. परीक्षेत एकदा नापास झालेल्या मुलाकडे आपल्या घरांतून कसे पाहिले जाते, हे आठवून आम्हांला या नियमाचे विशेष कौतुक वाटले.

परंतु आम्हांला खरा रस वाटला तो संघाच्या हिशेबात. व्यक्तीला पदक मिळतेच, पण तिच्या क्रमांकाचे गुण तिच्या देशाच्या खात्यात पडतात. पंधराव्या क्रमांकाने आलेल्याचेही थोडे गुण जमेस धरले जातात. त्यामुळे एखाद्या देशाकडे एकच अलौकिक खेळाडू असून भागत नाही; सर्व प्रकारांत पुरी पडतील अशी माणसे लागतात. सुवर्ण, रौप्य, कांस्य यांच्यापुढे चौथ्याला येथे ताम्रपदक देतात. शेवटी चौघांची साखळी-शर्यत होते. तीत दोन पुरुष व दोन स्त्रिया असतात. दोघे वल्ह्याच्या फळीवर, दोघे हाताच्या. एकाने फेरी पुरी करून किनाऱ्यावर यावे, धावत जाऊन पुढच्या सोबत्याला मोकळे करावे, आणि त्याने पाण्यात झेप घ्यावी. स्त्रीचा भाग आणि पुरुषाचा भाग येथे सारख्याच वजनाचा असतो. बाईची फेरी मंदावली तर संघ हरतो, आणि पुरुषाची मंदावली तरीही हरतोच.

उद्घाटनाचा विधी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्रत्येक देशाचा संघ आपल्या किनाऱ्यावरची मूठभर वाळू बरोबर आणतो. संचलनानंतर एकेक प्रतिनिधी पुढे होऊन ती काचेच्या एकाच पेटीत ओततो. काळी, पांढरी, तांबूस अशी वाळू थरावर थर बसत जाते. आपल्याकडे सप्तनद्यांचे जल एका कलशात आणण्याची चाल आहे, त्याच जातीची ही भावना दिसते.

येथे हवाई बेटांचा उल्लेख केलाच पाहिजे. हा खेळ मूळचा पॉलिनेशियातील बेटांचा, आणि तो जगभर गेला तो मुख्यतः हवाईतून. ऑलिंपिकमध्ये तेथील खेळाडू अमेरिकेच्या ध्वजाखाली उतरतात. 2021 साली जपानमध्ये सर्फिंग प्रथमच ऑलिंपिकमध्ये खेळले गेले, तेव्हा स्त्रियांचे सुवर्णपदक मिळविणारी कॅरिसा मूर ही हवाईचीच, पण पदक मांडले गेले ते अमेरिकेच्या नावावर. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेच्या काही स्पर्धांत मात्र हवाईचा संघ वेगळा असतो. ज्यांनी खेळ दिला त्यांचे नाव राखण्याची ही रीत आम्हांला न्याय्य वाटते.

त्याच हवाईचे ड्यूक कहानामोकू. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी 100 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. 1914-15 च्या तेथील उन्हाळ्यात ते सिडनीस गेले आणि फ्रेशवॉटर किनाऱ्यावर तेथेच मिळालेल्या पाइनच्या लाकडाची फळी तयार करून त्यांनी लाटांवरचे कसब लोकांना दाखविले. इझाबेल लेथॅम नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला त्यांनी आपल्या फळीवर घेतले. ती मुलगी पुढे पोहण्याची नामांकित शिक्षिका झाली. 1925 साली कॅलिफोर्नियात न्यूपोर्टजवळ ‘थेल्मा’ नावाची नौका लाटांत उलटली, तेव्हा याच ड्यूक यांनी फळीवरून पुन्हा पुन्हा आत जाऊन आठ माणसे वाचविली. त्या दिवशी सतरा माणसे बुडाली. फळी हे प्राणरक्षणाचे साधन आहे ही गोष्ट किनाऱ्यावरच्या रक्षकांच्या मनात त्यानंतर पक्की बसत गेली.

एक गमतीची हकीकतही सांगून टाकू. उभ्याने वल्हविण्याचा खेळ कोणाचा, यावरून सर्फिंगची संघटना व कनू-नौकांची संघटना यांत काही वर्षे मोठा कज्जा चालला. एकीचे म्हणणे, फळी आमची; दुसरीचे म्हणणे, वल्हे आमचे. अखेर 2020 साली क्रीडा-लवादाने ऑलिंपिकच्या दृष्टीने हा खेळ सर्फिंग-संघटनेच्या पदरात टाकला, मात्र दुसऱ्या पक्षालाही स्पर्धा भरविण्याची मोकळीक ठेवली. एका ज्ञातीची दोन मंडळे आणि दोन वधूवर-सूची ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या आपणांस हा निवाडा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. कर्नाटकात मुल्की, तामिळनाडूत कोवलम व महाबलीपुरम येथे हा खेळ रुजला आहे. 2016 साली फिजीतील जागतिक स्पर्धेत भारताचे खेळाडू उतरले, त्यांत मुल्कीच्या पाण्यावर तयार झालेली तन्वी जगदीश होती. 2024 साली मालदीवमधील आशियाई स्पर्धेत आपल्या संघाने सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळविले, आणि 2025 साली महाबलीपुरम येथे रमेश बुदिहाळ याने वैयक्तिक कांस्यपदक जिंकले. 2026 च्या आयची-नागोया येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या कार्यक्रमातही सर्फिंगचा समावेश करण्यात आला.

आणि आमच्या अनिर्णित प्रश्नाची गोष्ट ती हीच. आपल्या ज्ञातीतील किती घरे समुद्राच्या आवाजाच्या टप्प्यात आहेत! आमचे आजोळ असे, की भरतीच्या रात्री माजघरात निजलो तरी लाट ऐकू येई. परंतु त्या घरातील एकाही स्त्रीला पोहता येत नव्हते. आमच्या धाकट्या मावशी सोळाव्या वर्षी सुकतीच्या ओढीत सापडून गेल्या. त्या किनाऱ्यापासून फार दूर नव्हत्या. वाळूवर सात-आठ माणसे उभी होती, त्यांतील एकालाही आत जाता आले नाही. त्यानंतर घरात ठरले ते इतकेच, की मुलींनी किनाऱ्यावर जाऊ नये. पोहावयास शिकावे असे कोणी म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका सभासदाच्या मुलीने मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे अर्ज केला. वल्ह्याच्या फळीचे शिक्षण घेण्यासाठी तिला मुल्कीस जावयाचे होते, आणि स्वतःची एक फळी घ्यावयाची होती. समितीने ‘निधी शिक्षणासाठी आहे, क्रीडेसाठी नाही’ असा शेरा मारून अर्ज परत केला. त्या समितीत आम्ही होतो. आमचेही मत विरुद्धच पडले. शेऱ्याचे कारण नियमांत सापडले हे खरे, पण मतामागचे कारण नियमांत नव्हते. मुलगी आणि समुद्र हे दोन शब्द एकत्र ऐकताच आम्हांला माजघरातील ती रात्र आठवली, आणि नियमांचे पुस्तक आम्ही त्यानंतर उघडले.

मुलगी गेली. वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढले. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिच्याच गावी सहलीस आलेले दोन विद्यार्थी ओढीत सापडले, तेव्हा ती फळी घेऊन आत गेली आणि एकाला घेऊन बाहेर आली. दुसरा तोवर दिसेनासा झाला होता. आम्ही तिला भेटावयास गेलो, तेव्हा तिने वाचलेल्याविषयी एक शब्द काढला नाही. तिने इतकेच विचारले, “काका, गावात आणखी एक फळी असती, आणि ती चालवणारं आणखी कोणी असतं तर?” आम्ही चहा अर्धा टाकून उठलो.

तिचा दुसरा अर्ज आता समितीपुढे आहे. या वेळी तिने स्वतःसाठी काही मागितलेले नाही. गावच्या शाळेतील आठ मुले व आठ मुली यांना पोहणे आणि फळीवरून बचाव शिकविण्यासाठी चार फळ्या व एका शिक्षकाचे एका हंगामाचे वेतन, एवढी मागणी आहे. निधीच्या घटनेतील ‘शिक्षण’ या शब्दाचा अर्थ किती दूर नेता येतो यावर आमच्या एका वकीलमित्राने टिपण लिहून दिले आहे. ते आम्ही कार्यवाहांकडे सोपविले असून पुढील महिन्याच्या बैठकीत ते वाचले जाईल. पूर्वीच्या ठरावावर आमची सही आहे, ती पुसता येत नाही; नव्या ठरावाची सूचना मात्र आम्ही आमच्या नावाने दिली आहे. तिला अनुमोदक हवा आहे, आणि ज्यांना ते द्यावयाचे असेल त्यांनी भोजनापूर्वी आम्हांस भेटावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.