न दिसणारी शिवण मोजू या

(जरीपटका, नागपूर येथे घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



भाषण मी करते आहे, पण यातलं बरंचसं तुमच्याच मशीनजवळ बसून शिकले. समाजकार्याची पदवी घेताना श्रम, शोषण हे शब्द पाठ झाले होते. गोधडीच्या जोडावर शिवण कशी घालतात, हे मात्र तिथं कुणी शिकवलं नव्हतं.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबं या जरीपटक्यात येऊन वसली. त्यांच्याकडे रल्ली शिवतात. शेजारच्या इंदोऱ्यातल्या आपल्या बायका गोधडी शिवतात. रल्ली काय नि गोधडी काय, विरलेल्या लुगड्याला, फाटक्या चादरीला पुन्हा कामाला लावण्याची ही बाईचीच हिकमत. पूर्वी ती हातानं, धावदोऱ्यानं, घरच्या माणसांसाठी शिवली जायची. आता तीच मशीनवर, दुकानदारासाठी, नगावर शिवली जाते. इथूनच प्रश्न सुरू होतो.

ज्या बहिणी शिवत नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आधी तुकडे एकमेकांना जोडून वरचा थर तयार होतो. जोडाच्या मागचं जास्तीचं कापड इस्त्रीनं एका बाजूला पाडतात. त्यामुळे जोडाची एक बाजू किंचित उंच राहते, दुसरी खोल. मग खाली अस्तर, मध्ये भरण, वर तुकड्यांचा थर असं एकावर एक अंथरून कच्चे टाके घालायचे. त्यानंतर मधल्या जोडापासून सुरुवात करून कडेकडे जात मशीन मारायची. सुई जोडाच्या खोल बाजूनं, अगदी घडीला लागून चालली पाहिजे. तशी चालली की दोरा आत बुडतो, वरून दिसतच नाही. पण सुई केसभर सरकली तर टाका शेजारच्या तुकड्यावर चढतो. खालचं कापड ओढलं गेलं तर चुण्या पडतात. चार जोड मिळतात तिथं कापडाचे इतके थर होतात की सुई मोडते. सगळं कौशल्य टाका न दिसण्यात आहे.

गेल्या हिवाळ्यात आपल्यातल्या एका ताईची गोधडी परत आली. एका कोपऱ्यात टाका बोटभर बाहेर गेला होता. तेवढ्यासाठी पैसे कापले. ताईनं विचारलं, "बाकी सगळी शिवण सरळ आहे, तिचे किती दिले?" उत्तर आलं, "ती कुठं दिसते?"

म्हणजे टाका दिसला तर दंड, आणि नाही दिसला तर तो कामात धरलाच जात नाही!

त्या दिवशी आम्ही दोघींनी मोजपट्टी घेतली. पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडी. एकेक फुटाचे पस्तीस तुकडे. उभे जोड चार, प्रत्येकी सात फूट, म्हणजे अठ्ठावीस. आडवे जोड सहा, प्रत्येकी पाच फूट, म्हणजे तीस. झाले अठ्ठावन्न फूट. हे एकदा जोडताना शिवायचे, आणि तिन्ही थर घेऊन पुन्हा त्यावरूनच शिवायचे. चारी बाजूंची कड चोवीस फूट. एकूण एकशे चाळीस फूट शिवण! ताई हसली, मग गप्प झाली. म्हणाली, "इतकी वर्षं मी नुसत्या गोधड्याच मोजत होते."

मीसुद्धा तेच करत होते. आमच्या अहवालात मी लिहिलं होतं, 'महिला फावल्या वेळात शिवणकाम करतात.' पहाटे पाणी भरून, डबे करून, रात्री सगळे निजल्यावर मशीनवर बसणाऱ्या बाईचा कसला आला फावला वेळ? ते वाक्य मी खोडलं आहे.

याच नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीतल्या कामगाराला हजेरीपट होता, पाळी होती, संघटना होती. ती गिरणी आता उरली नाही. पण काम घराघरांत शिरलं, तेव्हा हजेरीपट काही सोबत आला नाही. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात घरी बसून दुसऱ्यासाठी मोबदल्यावर काम करणाऱ्यांची व्याख्या आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. कापड, दोरा, मशीन कुणाची, यानं त्यात फरक पडत नाही. तेव्हा 'मशीन तर तुझीच आहे, मग तू कसली कामगार?' असं कुणी म्हणालं, तर गप्प बसू नका. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली ठराव केला, त्याला आपल्या देशानं मान्यता दिलेली नाही. कायद्यात नाव आलं, तरी दर आपोआप वाढत नाही. त्यासाठी आपल्यालाच एकत्र यावं लागेल.

म्हणून आज एवढंच ठरवू या. प्रत्येकीनं एक वही घालायची. प्रत्येक गोधडीमागे किती फूट शिवण, किती तास, किती दोरा, किती सुया मोडल्या, विजेचा खर्च किती, ते लिहायचं. जिला लिहिता येत नाही, तिचं शेजारणीनं लिहायचं. महिन्यानं सगळ्या वह्या एकत्र मांडून दर आपण ठरवू, आणि सिंधी, मराठी, सगळ्या मिळून तो मागू. त्याखाली कुणीच काम घ्यायचं नाही. हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. शाळेची फी भरायची असते, तेव्हा कमी दरातही हात पुढे होतो. अशा बहिणीला नावं ठेवायची नाहीत, तिला आपल्यात धरून ठेवायचं.

पुढच्या बैठकीला येताना वही आणि मोजपट्टी दोन्ही आणा.