चोवीस कामट्यांचा कंदील

आश्विनाचा वद्य पक्ष सुरू झाला, परतीच्या पावसाची शेवटची सर येऊन गेली आणि पहाटेच्या वाऱ्यात किंचित गारवा जाणवू लागला, की मराठी घराला दिवाळीची चाहूल लागते. स्वयंपाकघरात भाजणीचा खमंग वास दरवळतो, माळ्यावरच्या पणत्या खाली उतरतात, आणि अशाच एखाद्या सायंकाळी घरातील मूल सहज विचारते, "यंदा कंदील कुठून आणायचा?" या प्रश्नातील 'आणायचा' हा शब्द तसा लहानसा, परंतु गेल्या दोन पिढ्यांत घरोघर जो पालट झाला, तो सारा त्या एका शब्दात साठविलेला आहे. पूर्वी अनेक घरांत हाच प्रश्न 'यंदा कंदील कसा करायचा?' असा विचारला जात असे.

घर सजविण्याची हौस मराठी माणसाला नवी नव्हे. उंबरठ्यापुढची रांगोळी, दारावरचे मण्यांचे तोरण, मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची गोधडी, लग्नघरी रुखवतात मांडावयाच्या नाना वस्तू, या सर्वांमागे एकच रीत दिसून येते. घरात जे आहे ते घ्यावे, त्याला हाताचे कसब जोडावे आणि त्यातून शोभा निर्माण करावी. आकाशकंदील हा त्याच कुळातला. मात्र त्याचे एक वैशिष्ट्य आहे. रांगोळी एकटीने काढता येते, तोरण एकटीने ओवता येते. कंदील मात्र एकट्याने करू म्हटले तर दोन हात अपुरे पडतात. एकाने कोन धरावा आणि दुसऱ्याने गाठ मारावी, तेव्हाच तो उभा राहतो. म्हणूनच घरगुती हस्तकलेचा विचार करावयाचा, तर त्यासाठी आकाशकंदिलाइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

उंचावर दिवा टांगण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. कार्तिक मासात पितरांच्या स्मरणार्थ आकाशदीप लावतात. काशीच्या घाटांवर उंच बांबूंच्या टोकांना टोपल्या बांधून त्यांत ठेवलेले दिवे आजही पाहावयास मिळतात. महाराष्ट्रात आणि गोमंतकात या दिव्याभोवती रंगीत कागदाचे घर उभे राहिले, आणि घरासमोर किंवा चाळीच्या गॅलरीत तो दिवाळीचा मानकरी होऊन बसला. गोमंतकात तर आकाशकंदिलांच्या स्पर्धा भरतात, आणि त्या पाहण्यास लोक मुलांबाळांसह लोटतात.

आता या कंदिलाच्या रचनेकडे वळावे. जो कंदील पारंपरिक म्हणून ओळखला जातो, त्याला एकंदर चौदा बाजू असतात: सहा चौकोन आणि आठ त्रिकोण. ग्रीक गणिती आर्किमिडीज याच्या नावाने ज्या तेरा घनाकृती प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी ही एक. कंदील बांधणाऱ्या कितीतरी मुलांनी हे नाव कधी ऐकलेले नसते. तथापि त्या आकृतीचे मर्म त्यांच्या बोटांना ठाऊक असते.

साहित्य अगदी थोडे लागते. बांबूच्या कामट्या, सुती दोरा, पतंगाचा कागद आणि खळ. कामट्या बुरुडाकडे मिळतात. पुण्यातील बुरूड आळीचे नावच मुळी या धंद्यावरून पडले आहे. कामटी पाव इंच रुंद आणि सरळ असावी, तिला मध्येच पेर येऊ नये. प्रत्येकी दहा इंचांचे चोवीस तुकडे कापावेत. म्हणजे एकंदर वीस फूट कामटी पुरते. तुकड्यांच्या कडा काचकागदाने घासून घ्याव्यात, नाहीतर बांबूची कुसे बोटांत शिरतात. मग प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांपासून अर्ध्या इंचावर पेन्सिलीने खूण करावी. दोन खुणांमध्ये नऊ इंच अंतर राहते, तीच कंदिलाची बाजू.

चार कामट्या खुणांवर एकमेकींवर आडव्या ठेवून दोऱ्याने घट्ट बांधल्या, की एक चौकोन होतो. असे सहा चौकोन करावेत. चौकोन खरोखर काटकोनी आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. त्याचे दोन्ही कर्ण मापावेत. ते सारखे भरले पाहिजेत. नऊ इंचांच्या बाजूला कर्ण पावणेतेरा इंचांना किंचित कमी भरतो.

नंतर एक चौकोन जमिनीवर ठेवावा. तो कंदिलाचा तळ. उरलेल्यांपैकी चार चौकोन पतंगासारखे टोकावर उभे धरून, प्रत्येकाचे खालचे टोक तळाच्या एकेका कोपऱ्याला बांधावे. मग शेजारशेजारच्या पतंगांची मधली टोके एकमेकांस बांधावीत. शेवटी सहावा चौकोन वर ठेवून त्याचे चार कोपरे पतंगांच्या वरच्या टोकांना बांधले, की सांगाडा पुरा झाला. येथे पहिल्यांदाच कंदील करणाऱ्या मुलाला मोठे नवल वाटते. त्याने बांधले ते केवळ सहा चौकोन. पण त्यांच्या मधून आठ त्रिकोण आपोआप उमटलेले असतात. ते कोणी मुद्दाम केलेले नसतात, चौकोनांच्या शेजारधर्मातून ते जन्मास येतात.

दुसरे नवल यापुढचे. हा सांगाडा हाती धरला तर डुलतो, लवतो, एका बाजूस कलतो. कितीही घट्ट गाठी मारल्या तरी तो पुरता ताठ होत नाही, आणि मूल हिरमुसते. वस्तुतः यात त्याच्या कामाचा दोष नसतो. तीन काठ्यांचा त्रिकोण आपला आकार सोडीत नाही. चार काठ्यांचा चौकोन मात्र दाबला की तिरपा होतो. या सांगाड्यात सहा चौकोन असल्यामुळे तो डुलणारच. मग त्याला ताठपणा येतो कशाने? कागदाने. चौकोनावर कागद ताणून चिकटविला आणि खळ वाळली, की तो चौकोनाला तिरपे होऊ देत नाही. फुंकरीने उडणारा कागद बांबूला सावरून धरतो. दुबळ्या वस्तूने बळकट वस्तूला आधार द्यावा, ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही. ती एकदा हाताला जाणवली म्हणजे जन्मभर विसरत नाही.

खळ घरीच करावी. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, एकंदर पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळीत शिजवावा, आणि तो पारदर्शक दिसू लागला की उतरवावा. पुस्तके बांधणारे कारागीर खळीला कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालीत असत. परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती जावयाच्या खळीत ते घालू नये. दिवाळीपुरत्या कंदिलाला साधी खळ पुरेशी होते.

कागद लावावयाच्या बाजू बारा: उभे चार चौकोन आणि आठ त्रिकोण. वरचा व खालचा चौकोन मोकळा ठेवावा, म्हणजे दिव्याची ऊब वर निघून जाते. प्रत्येक तुकडा चारी कडांना अर्धा इंच वाढवून कापावा आणि ती कड कामटीवर दुमडून चिकटवावी. रंग निवडताना एवढेच ध्यानात ठेवावे, की गडद निळा अगर जांभळा कागद दिवसा खुलून दिसला तरी रात्री प्रकाश अडवितो. पांढरा आणि पिवळा तो सोडतो. म्हणून चौकोन फिके आणि त्रिकोण गडद ठेवले, तर दोन्ही वेळा शोभा राहते. सांध्यांवरील दोरा झाकण्यास सोनेरी कागदाची पट्टी लावावी, आणि तळाच्या चौकोनाला झिरमिळ्या सोडाव्यात.

आत दिवा कोणता लावावा, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. तारेच्या जुन्या दिव्याची बहुतेक वीज उष्णतेत जात असे, आणि कागद करपण्याची भीती असे. आताचे एलईडी दिवे सात-आठ वॅटमध्ये भरपूर उजेड देतात आणि त्या मानाने पुष्कळ थंड राहतात. दिवा नेमका मध्यभागी टांगावा. या आकृतीचा आणखी एक गुण असा, की मध्यापासून तिचे बाराही कोपरे सारख्याच अंतरावर असतात, आणि ते अंतर कामटीच्या बाजूइतकेच, म्हणजे नऊ इंच असते. त्यामुळे एखादी जादा कामटी हाच मापाचा गज होतो, आणि कोणताही कागद दिव्यापासून सहा इंचांहून जवळ येत नाही. वायर जोडण्याचे काम मात्र जाणत्या माणसानेच करावे.

यावर कोणी म्हणेल, की बाजारात तयार कंदील मिळत असता एवढा खटाटोप कशासाठी? ही शंका अवाजवी नाही. शहरातील घरात वेळ थोडा असतो, आईवडील दोघेही नोकरीवरून थकून येतात, आणि दिवाळीची कामे तर डोंगराएवढी. कंदील विकत घेणे हा काही अपराध नव्हे. मुंबईत माहीमला एका गल्लीचे नावच कंदील गल्ली पडले आहे. तेथे हाताने केलेले कंदील दिवाळीपूर्वी रांगेने टांगलेले दिसतात. असा कंदील घेणाऱ्याने दुसऱ्याच्या कसबाचा मान राखला, असेच म्हटले पाहिजे. खेद वाटतो तो प्लास्टिकच्या साच्यातून निघालेल्या कंदिलाचा. तो सारखाच असतो, चकचकीत असतो, आणि एकदा मोडला की त्याचे पुढे काय करावे हे कोणालाच ठाऊक नसते. थर्मोकोलच्या मखरांचीही हीच कथा होती. महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, आणि त्यानंतर कित्येक घरांना पुठ्ठा, कापड व बांबू यांची पुन्हा आठवण झाली.

तथापि खरा प्रश्न कचऱ्याचाही नाही आणि पैशाचाही नाही. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला. त्या योजनेचे पुढे काय झाले, हा वेगळा विषय आहे. पण हाताने केल्यावाचून काही गोष्टी बुद्धीला उमगत नाहीत, हे त्यातील सूत्र कंदील करणाऱ्या प्रत्येक घरात पडताळून पाहता येते. चौकोन आणि त्रिकोण यांतील भेद, मापातील अर्ध्या इंचाची किंमत, दुसऱ्याने गाठ मारीपर्यंत आपण हात न हलविता धरून ठेवण्याचा धीर, हे सारे त्या दोन सायंकाळी शिकवून जातात. आणि यात मुलगा-मुलगी हा भेद उरू नये. पुष्कळ घरांत आजवर मुलांनी कंदील करावा आणि मुलींनी रांगोळी काढावी, अशी वाटणी चालत आली. मुलीने कामटी तासावी आणि मुलाने ठिपके मांडावेत, यात घराची शोभा उणावत नाही, वाढतेच.

पहिला कंदील बहुधा वाकडाच होतो. एखादी बाजू सुरकुतते, एखादा चौकोन कलतो. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी हसू नये आणि मुलाच्या हातून काम काढून घेऊन ते स्वतः नीटनेटके करण्याचा मोहही आवरावा. घराची शोभा म्हणजे दुकानाची मांडणी नव्हे. त्या सुरकुतीकडे पाहून चार वर्षांनी 'हा कोपरा मी धरला होता' असे जर कोणी म्हणणार असेल, तर ती सुरकुती हीच त्या कंदिलाची शोभा होय.

तुळशीचे लग्न पार पडले, की कंदील उतरतो. कागद फाटलेला असतो, रंग उडालेला असतो. येथेही एक जुनी रीत सांभाळण्याजोगी आहे. कागद हलक्या हाताने ओला करून काढून टाकावा आणि सांगाडा माळ्यावर ठेवून द्यावा. पुढील वर्षी त्यावर नवा कागद चढतो. बांबू जपला तर असा सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो. एखादी कामटी मोडली तर तेवढीच बदलता येते. मग एखाद्या घरात अशी वेळ येते, की ज्या आजोबांनी पहिल्या गाठी मारल्या ते आता नाहीत, पण त्यांच्या गाठी आहेत. नातवंडे नवा कागद कापतात, नवा दिवा सोडतात. दोरा मात्र त्यांच्या हातचा असतो. कागद दरवर्षी बदलावा आणि गाठी तशाच राहाव्यात, घराची परंपरा याहून निराळी ती काय असते?

म्हणून यंदा घरातील मुलाने 'कंदील कुठून आणायचा' असे विचारले, तर त्याला बुरुडाच्या दुकानाचा रस्ता दाखवावा. वीस फूट कामटी, चार ताव कागद आणि वाटीभर मैदा, एवढ्यावर दोन सायंकाळी सारे घर एका ठिकाणी बसेल. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री जो उजेड दारात पडेल, तो त्या घरच्या माणसांच्या हातचा असेल.